फुटाला एक इंच

शेळीच्या पायाची खुर्ची मी पहिल्यांदा केली तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि त्याच संध्याकाळी आबांनी माझा डावा कान कायमचा बधिर केला. आजही माझ्याकडे कुणी काम बघायला आलं की मी त्यांना उजव्या बाजूच्या स्टुलावर बसवते. लोकांना वाटतं, त्या बाजूला उजेड चांगला येतो. मी तसं वाटू देते. आबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आईही गेली, दादा आपल्या नातवंडांत रमला. आता लपवायचं कुणासाठी? म्हणून त्या दोन-अडीच वर्षांचं एकदा सरळ लिहून टाकते आहे.

शेळीचा पाय हे आमचं घरातलं नाव. फ्रान्सच्या जुन्या राजवाड्यांमधल्या खुर्च्यांचे पाय गुडघ्याशी फुगतात, खाली बारीक होत जातात आणि शेवटी खुरासारखे जमिनीला टेकतात. अशी खुर्ची आम्ही करायचो माझ्या मधल्या बोटाएवढ्या उंचीची. पाठीला नक्षी, बसायला रेशमाचं अस्तर, त्यात कापूस, चार पायांना चार खूर. ज्या देशाचं नावसुद्धा आईला नीट घेता यायचं नाही, तिथल्या राजा-राण्यांचं सामान चौक गावात, जुन्या हायवेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या पडवीत तयार व्हायचं, आणि खोक्यात कापूस भरून साता समुद्रापार जायचं. आता कर्जतमध्ये माझ्या दाराशी गाडी लावून लोक हे ऐकतात तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटते. त्या पडवीत गंमत फार कमी होती.

आमच्या घरापुढे गॅरेजांची रांग होती आणि पलीकडे धाबे. घाटातून उतरलेल्या ट्रकांचे ब्रेक तापून वास यायचा तो थेट आमच्या चुलीपर्यंत. दिवसातून एकदा तरी रस्त्यावर चाकं किंचाळायची, मग धडक, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग माणसांचा गलका. आम्ही पोरं धावायचो. मी दहा वर्षांची व्हायच्या आत माणसाचं आतलं बाहेर आलेलं तीनदा पाहिलं होतं. आबा मात्र जागचे हलायचे नाहीत. रंध्यावरून मान वर न करता नुसतं म्हणायचे, "टेंपो हाय," किंवा "भरलेला ट्रक हाय," आणि ते कधी चुकायचं नाही. आई तशीच पाण्याची कळशी उचलून रस्त्याकडे निघायची. कितीतरी अनोळखी माणसांनी शेवटचं पाणी माझ्या आईच्या हातून प्यायलं असेल.

आबा खोपोलीच्या एका कारखान्यात पॅटर्न करायचे. लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो करणारा कारागीर म्हणजे पॅटर्नवाला. थंड होताना लोखंड आकसतं, म्हणून नमुना तेवढाच केसभर मोठा करावा लागतो, आणि ते केसभर आबांच्या बोटांत होतं. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ते हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन घरी आले, पडवीत जाड फळ्यांचं बाकडं ठोकलं, त्याला लाकूड आवळायचा लोखंडी वाईस बसवला आणि दारं-खिडक्या करायला लागले. शेतीचा तुकडा आईच बघायची. दारं-खिडक्या करण्यात आबांना कमीपणा वाटायचा. एका चौकटीला तीन सुताचा फरक चालतो असं गिऱ्हाईक म्हणालं, तर त्याच्या देखत त्यांनी ती चौकट कुऱ्हाडीनं फोडली होती.

ते दारू पीत नसत. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरच्या मारझोडीविषयी बोललं की पहिला प्रश्न तोच येतो. आबा पूर्ण शुद्धीत, आवाज न चढवता मारायचे. आधी मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवायचे. बकल फळीला लागल्याचा 'टक' असा आवाज व्हायचा आणि तो ऐकला की घरातला जो तो आपल्या जागी थिजायचा, कारण पाळी कुणाची हे अजून ठरायचं असे. भाताला कढ आला तरी आई उठायची नाही. मग कळायचं. दादाला पट्टा, आईला लाकडी फूटपट्टी, मला हात. झालं की घड्याळ परत मनगटावर, आणि काम सुरू. आम्हीही साधे राहिलो नव्हतो म्हणा. दादा गॅरेजात कामाला होता, तिथं आठवड्याला कुणाचं तरी नाक फोडून यायचा. आई भाकरी थापता थापता उलथन्यानं कुत्र्याला अशी हाणायची की ते तीन पायांवर पळायचं. आणि मी शेजारच्या लहान मुलीला एकदा बांधावरून ढकलून दिलं होतं, काही कारण नसताना. तिचा हात मोडला. मी सांगितलं, ती घसरली.

सबनीसबाई आमच्याकडे आल्या त्या दादामुळे. त्यांची गाडी गॅरेजात होती आणि मागच्या सीटवर पुठ्ठ्याच्या खोक्यात एक मोडकी इवलीशी खुर्ची होती. दादानं सहज विचारलं, "खेळणं हाय का?" त्यांनी सांगितलं, खेळणं नाही, आणि हे नीट करणारा माणूस मी सहा महिने शोधते आहे. दादा त्यांना सरळ घरी घेऊन आला. बाई पन्नाशीच्या, केस कापलेले, नवऱ्याबरोबर अर्धं आयुष्य परदेशात काढलेल्या. तो गेल्यावर कर्जतला नदीकाठी बंगला घेऊन एकट्या राहत होत्या. त्यांनी सांगितलं की तिकडे मोठी माणसं बाहुल्यांची घरं जमवतात, खेळायला नव्हे, नुसती बघायला, आणि त्यात खऱ्या राजवाड्यातल्यासारखंच सामान लागतं.

"मोजमाप कसं?" आबांनी विचारलं.

"फुटाला एक इंच."

"म्हंजे बारावा हिस्सा." आबांनी मोडकी खुर्ची उलटी केली, सांध्यात नख घातलं. "ज्यानं केली त्याला सांधा ठावूक नाय. ठेवा हितं."

पहिली खुर्ची त्यांनी सागाची केली. झाली देखणी, पण बाईंनी ती तळहातावर धरून मान हलवली. म्हणाल्या, "खुर्ची लहान झाली, लाकूड लहान झालं नाही." आणि खरंच, त्या बोटभर पायावर सागाच्या रेघा दोरखंडासारख्या दिसत होत्या. दुसरं कुणी असं बोललं असतं तर आबांनी खुर्ची फोडली असती. बाईंना ते "बरोबर हाय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते कशेळ्याच्या बाजाराला गेले. डोंगरातल्या वाड्यांवरून जीपनं लाकूड घेऊन येणारी माणसं तिथं बसत. आबा एकेक ओंडका पटाशीनं टवका काढून बघत होते, जिभेला लावत होते. शेवटी हेदू सापडला. पिवळसर, लोण्यासारखा, रेघच न दिसणारा. त्यांनी तो माझ्या नाकाशी धरला. "ह्यो बघ. ह्याला रेघ हाय पन सांगत नाय." मग स्टँडवर कांदाभजी घेतली, वर्तमानपत्राचा कागद माझ्याकडे केला, आणि मी पोटभर खाईपर्यंत स्वतः एकही उचललं नाही. हे लिहिताना माझा हात थांबतो. तो दिवस तसाच घडला होता आणि तो मला खोडता येत नाही.

दादाला त्यांनी हे काम शिकवायचं म्हटलं तर तो हसला, म्हणून मला शिकवलं. शिकवताना आबा वेगळेच असत. पटाशी दाबायची नाही, लाकडाला वाट विचारायची. कानस एकाच अंगानं फिरवायची. पॉलिशचा कापूस थांबवायचा नाही, थांबला की डाग. सरस, म्हणजे चामड्या-हाडांचा डिंक, पाण्यात भिजवून डब्यात कढवायचा. तो डबा आमच्या चुलीच्या वैलावर कायम असायचा. पुढं वालाचं बिरडं, मागं सरस. आई म्हणायची, "माज्या घरात मेलेली ढोरं शिजत्यात." सुकट भाजली की तेवढा वेळ तो वास मागे हटायचा, म्हणून ती जरा जास्तच वेळा सुकट भाजायची. मला मात्र तो वास आवडायला लागला होता. सहा महिन्यांत माझ्या बोटांना असं काही कळू लागलं की जे मला सांगता यायचं नाही. आबांची बोटं जाड होती, लोखंडाच्या साच्यांना सरावलेली. बारीक नक्षी करताना ती थरथरायची. मला ते दिसायचं आणि मी मान दुसरीकडे फिरवायचे.

मग ती शेळीच्या पायाची जोडी. एक आबांनी केली, एक मी. कर्जतच्या बंगल्यात सबनीसबाईंनी दोन्ही टेबलावर ठेवल्या, चष्मा काढला, डोळे अगदी जवळ नेले. एक बोट पुढे करून माझी खुर्ची त्यांनी अलग सरकवली.

"ही कोणी केली? ही उभी आहे. दुसरी नुसती ठेवलेली आहे."

मी काय करावं? सतरा वर्षांची होते. मी हसले. म्हटलं, "मी."

आम्ही घरी पोचलो. फळीवर टक आवाज झाला. मी वळले आणि तळवा कानावर बसला. आत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मग एक लांबच लांब शिट्टी. ती तीन दिवस वाजत होती. थांबली तेव्हा त्या बाजूनं सगळंच थांबलं होतं.

त्यानंतर मार रोजचा झाला, पण त्याला एक शिस्त आली. पाठ, मांड्या, पोटऱ्या. हातांना आबांनी कधीही धक्का लावला नाही. एकदा मी मार चुकवायला हात पुढे केले तर त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरून हळूच बाजूला केली, अगदी काचेची वस्तू सरकवावी तशी, आणि मग लाथ घातली. आई हळद-तेल गरम करून पाठीला लावायची आणि विचारायची, "हात वाचलं ना गं?" मी म्हणायचे, वाचले. आम्हा दोघींना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. आता ते आठवलं की वाटतं, मारापेक्षा हा प्रश्न भयंकर होता.

त्या शिमग्याला दादा आडवा आला. आबा मला मारत होते आणि त्यानं मागून त्यांच्या गळ्यात हात घातला. तेवीस वर्षांचा, टायर उचलून दंड झालेले. आबांचा चेहरा काळानिळा पडला. पाय फरशीवर घासत होते. मला वाटलं, आता मरतात, आणि खरं सांगायचं तर मी मोजत होते, अजून किती लागेल. पण आबांचा हात बाकड्यावरच्या रंध्यावर गेला आणि तो त्यांनी खांद्यावरून मागे दादाच्या तोंडावर मारला. दोन दात पडवीत उडाले. ओठ असा चिरला की आतली हिरडी दिसत होती. दादा रक्त थुंकत उभा राहिला, आईकडे बघून म्हणाला, "तू चल माज्यासंगं." आई म्हणाली, "हिला टाकून?" तो म्हणाला, "हिलाबी घे." आई चुलीकडे बघत म्हणाली, "शेतात वाल उभा हाय रं." दादा गेला तो पनवेलला, परत राहायला कधी आला नाही. त्याचे दात आईनं पदरात बांधले. पुढे त्यांचं काय केलं, मला माहीत नाही.

दिवाळीनंतर मेज आलं. सबनीसबाईंच्या पुस्तकात फ्रान्सच्या एका राजाचं लिहायचं मेज होतं. वरचं झाकण गोल फिरून आत सरकतं, आत कप्पे, कप्प्यांमागे चोरकप्पे, आणि सगळ्या अंगावर रंगीत लाकडाचे तुकडे बसवून केलेली फुलं. आम्हाला ते एका वितीपेक्षा कमी रुंदीत करायचं होतं. तिकडच्या एका दुकानदारानं खास मागितलं होतं. सांगाडा आणि कप्पे आबांनी केले, आणि त्यांच्यासारखं काम पुन्हा माझ्या पाहण्यात आलं नाही. कप्पा आत सारला की कोंडलेली हवा दुसऱ्या कप्प्याला बाहेर ढकलायची. फुलं मी बसवली. शिसव, हेदू, कुडा, कागदासारखे पातळ पापुद्रे काढून, कापून, गरम वाळूत कडा करपवून पाकळ्यांना सावली आणायची. एका गुलाबाला एकोणीस तुकडे. आंबे पाडाला आले तरी ते चालूच होतं. सबनीसबाई मधून मधून येऊन बघायच्या. आबा सांगायचे, "फुलं बसवायला लय येळ जातो मला." मी मान खाली घालून पॉलिश-कागद फिरवत राहायचे. मला त्याचं दुःख नव्हतं. खरंच नव्हतं. नाव त्यांचं होतं तोवर पाठीवरची कातडी भरून यायला सवड मिळत होती.

आईला मात्र होतं. ती बाईंकडे वालाचे दाणे द्यायला कर्जतला गेली, आणि ओट्यावर बसून चहा पिता पिता सांगून आली, "फुलं पोरीची हायेत बाई. त्यांची नायत." मला तिनं हे सांगितलं नाही. आमच्या घरात बाईमाणसानं आपल्या मनानं केलेली ती बहुधा पहिली गोष्ट.

चार-पाच दिवसांनी दुपारी आबा कर्जतहून परतले. आई चुलीपाशी बसून भाकरी भाजत होती, मी बाकड्याशी उभी होते. मेजाच्या झाकणाच्या शेवटच्या दोन पट्ट्या राहिल्या होत्या. आबांनी चपला काढल्या, पाणी प्यायलं. मग म्हणाले, "दुकानदार येनार हाय पुढल्या म्हयन्यात. कारागिराचा फोटू काढायचा म्हंत्यात. बाई म्हनाली, शालूला चांगली साडी नेसवून आना."

शालू म्हणजे मी. हातातली पट्टी मी बाकड्यावर ठेवली.

"तिला कुनी सांगितलं?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी सांगितलं," ती म्हणाली. "खोटं हाय का?"

मी फळीकडे बघत होते. घड्याळ निघालंच नाही. आबा तसेच चुलीकडे गेले, वैलावरचा सरसाचा डबा फडक्यानं उचलला आणि आईच्या अंगावर ओतला. खांदा, मान, छातीचा उजवा भाग. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. सरस चिकटतो. आई उठली, आपल्याच हातानं तो पुसायला गेली आणि हाताबरोबर कातडी निघाली. ती ओरडली तसं मी कुणाला ओरडताना ऐकलं नव्हतं, रस्त्यावरसुद्धा नाही. मी पाण्याची कळशी तिच्यावर उपडी केली. सरस थिजून आणखी आवळला.

आबा बाकड्याशी येऊन उभे राहिले होते. उजवा हात वाईसवर टेकलेला. धापा टाकत होते. आईकडे नव्हे, मेजाकडे बघत होते, शिंतोडे उडालेत का म्हणून. मी बाकड्यावरची लाकडी मोगरी उचलली, जिनं आम्ही पटाशी ठोकायचो ती, आणि त्या हातावर घातली. पहिला घाव रागाचा होता, त्याचं मला काही वाटत नाही. पण तो बसल्यावर आबांचा हात वाईसच्या लोखंडावर तसाच पसरून राहिला, त्यांना तो उचलताच येईना, आणि तेव्हा मी नेम धरला. दुसरा घाव बोटांच्या मुळांवर. तिसरा अंगठ्यावर. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं की मी नेम धरला होता. मला नेमकं माहीत होतं की पटाशी धरायला कुठलं बोट लागतं.

आबा ओरडले नाहीत. खाली बसले. हाताकडे बघत म्हणाले, "शाले." एवढंच.

गॅरेजवाल्यांनी टेंपो काढला. मागच्या फळीवर आई, तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि समोर आबा, उजवा हात डाव्या हातात धरून, मूल धरावं तसा. खोपोलीच्या रस्त्याला टेंपो जिथे जिथे आदळत होता तिथे दोघंही एकदमच कण्हत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पोलिसाला बोलावलं. तो वही घेऊन आला आणि आधी आबांना विचारलं, कारण ते बसलेले होते.

"हातावर लाकडाचा ठोकळा पडला," आबा म्हणाले. "ती दचकली आन सरस सांडला तिच्या हातून."

पोलीस लिहायला लागला. पडद्यापलीकडून आईचा आवाज आला. तो इतका बारीक होता की मला चांगला कान तिकडे करावा लागला.

"सरस सांडला नाय. त्यांनी वतला माज्यावर."

"आणि ठोकळा?"

"ठोकळा पडला," आई म्हणाली.

पोलिसानं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता, मी अडकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाचवलं, की पोरीनं हात मोडला हे चारचौघांत सांगायची लाज वाटली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे ते जिवंत असताना विचारायचं धाडस झालं नाही. पोलीस आईला म्हणाला, "तक्रार देणार का? दिलीस तर नवऱ्याला आत बसावं लागंल, बघ." आईनं डोळे मिटून घेतले. त्यानं वही बंद केली आणि तो निघून गेला.

आई अठरा दिवस तिथं होती. मी दिवसा मेज करत होते आणि संध्याकाळच्या गाडीनं तिच्याकडे जात होते. सबनीसबाई घरी आल्या. पडवीत डाग होते, डबा तसाच पडला होता. मी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं, फक्त नेमाचं सोडून. बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मी नसते आले तर हे झालं नसतं."

मी म्हटलं, "दुसऱ्या कशावरून झालं असतं."

"माझ्याकडे चल. दोघीही चला. आज."

"आधी मेज पुरं करते," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. त्यांना थोडी भीती वाटली असावी. मेज मी पूर्ण केलं, दुकानदार येऊन घेऊन गेला, आणि फोटोसाठी मी आईची एकुलती चांगली साडी नेसले. त्या मेजाचा एकही फोटो आज माझ्याकडे नाही. कुठल्या देशात, कुणाच्या कपाटात आहे, कोण जाणे.

आई घरी आली तेव्हा मला वाटलं होतं, ती गाठोडं बांधेल. बांधलं नाही. आबांचा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगठा पुन्हा वळणार नाही. पहिल्याच दिवशी आईनं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसून घास भरवायला लागली. खांद्याला पट्ट्या, मान वळत नाही, हात वर करताना दातांवर दात येत होते, तरी ती भात कालवायची, घास करायची, त्यांच्या तोंडाशी न्यायची. आबा तोंड उघडून वाट बघायचे. मी मागच्या दारी जाऊन भिंतीवर डोकं आपटायचे. एकदा मी तिला म्हटलं, "तुला काय लाज हाय का नाय?" तिनं मला थोबाडीत दिली, पट्ट्या बांधलेल्या हातानं, आणि तिलाच इतकं दुखलं की ती खाली बसली. असे तीन आठवडे गेले. आबा बाकड्याकडे फिरकत नव्हते. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. धडक झाली तरी काय धडकलं ते आता सांगायचे नाहीत.

एका सकाळी आई डॉक्टरांकडून पट्टी काढून आली. आरशासमोर उभी राहून तिनं पदर बाजूला केला आणि खांद्यापासून छातीपर्यंत ते सगळं पाहिलं. गुलाबी, ताणलेलं, सुरकुतलेलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग पदर घेतला आणि स्वयंपाकाला लागली. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुकटीची चटणी केली, कांदा फोडला. आबांचं ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. आबांनी सवयीनं मान पुढे करून तोंड उघडलं.

"डाव्या हातानं जेव," आई म्हणाली.

आयुष्यभर तिनं त्यांना 'तुमी' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. आबांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही ऐकलं का म्हणून. मी ऐकलं होतं. आई थांबली नाही. तिनं दुसरं ताट घेतलं, स्वतःला वाढून घेतलं, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. ते जेवायच्या आधी तिनं पहिला घास घेतला. आबांनी थोड्या वेळानं प्लॅस्टरच्या कोपरानं भाकरी दाबून धरली आणि डाव्या हातानं तुकडा मोडायला लागले. तो तुटत नव्हता. आईनं तिकडे पाहिलं नाही. चटणीचं वाडगं माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "बस गं तू पन. गार होतंय."